मावळतीकडची दारं

गुरुजी,

वर लांबलचक मायना लिहायला घेतला होता. पण भांडायला बसलेल्या माणसाने आधी लोटांगण घालावं आणि मग तोंड उघडावं, हे तुम्हालाच आवडलं नसतं. पूर्वपक्ष मांडायचा तर पाठीचा कणा सरळ ठेवून मांडावा, असं तुम्हीच शिकवलंत. तेव्हा सरळ बसलो आहे. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की तुमच्या श्राद्धाला जेवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही. त्यांची तुमची ओळख वड्या-खिरीपुरती. आणि तरीही उद्या सकाळी तुमच्या नावाने माझ्या दारात पंचायत बसणार आहे.

माझा गुरुबंधू अमरावतीहून अकोल्याला येतो आहे. तोच, जो पाठ म्हणताना माझ्या शेजारी बसायचा आणि अडला की माझ्या मांडीला चिमटा काढायचा. आता तो मोठा शास्त्री आहे. आता त्याला अडलं तर लोक त्याला चिंतन म्हणतात. बरोबर चार वजनदार माणसं आणील. त्यांना माझ्याकडून एवढाच शब्द हवा, की तुम्ही मला दिलेल्या जागेवर मी ज्या भाड्याच्या खोल्या बांधल्या, त्या रिकाम्या कराव्यात, त्यांची पश्चिमेची दारं चिणावीत आणि तिथे तुमच्या नावाची पाठशाळा घालावी. मी नाही म्हणणार आहे. का, ते आधी तुम्हाला सांगतो.

ती जागा तुम्ही एकदाच पाहिलीत. अकोल्याच्या एका देशमुखाने वडिलांच्या तेराव्याला तुम्हाला भूमिदान दिलं, आणि आपण अमरावतीहून ती पाहायला आलो. गाव मोर्णा नदीच्या अलीकडे, तटाच्या आत. जागा मोर्णेच्या पलीकडे, बाभळींच्या आत. काळी जमीन वऱ्हाडात कुणी दान देत नाही, हे मला तिथे कळलं. पायाखाली नुसता मुरूम. देशमुखाचा गडी वाट दाखवायला आला होता, तो म्हणतो, "महाराज, इथं कपाशी नाही होत, जवारी नाही होत. उंदीर नाही म्हनून साप बी नाही. लय पवित्र जागा हाये." मला हसू आवरेना. तुम्ही मात्र गंभीरपणे मूठभर मुरूम उचललात, कपाळाला लावलात आणि तो टिळा परतीच्या वाटेभर तसाच ठेवलात. पुढे शेवटच्या दुखण्यात मला म्हणालात, "ती जागा तुझी. जमलं तर पोरांसाठी चार भिंती घाल." गुरुबंधू या वाक्यातलं 'जमलं तर' नेहमी गिळतो.

तुम्हाला तुमच्या ओसऱ्या आठवतात का हो? मला सगळ्या आठवतात, कारण पोथ्यांची गाठोडी माझ्या डोक्यावर असायची. कुठल्या तरी शेठची ओसरी, कुठल्या तरी देवळाची पडवी, कुणा पाटलाच्या बैठकीचा कोपरा. भाडं म्हणून कुणी काही मागितलं नाही, आणि म्हणूनच उठवताना कुणी कधी विचारलंही नाही. त्या आश्विनातला दिवस तर मी विसरणं शक्य नाही. आम्ही पाठ म्हणतोय, आणि शेठचा मुनीम दारात उभा. "शास्त्रीबुवा, तेवढी ओसरी खाली करा. कापूस येऊन राहिला, वखार भरली." तुम्ही चालू श्लोक पुरा केलात. मग उठलात, उपरणं झटकलंत आणि म्हणालात, "चला रे." अंगणात कापसाच्या गाड्या उलटत होत्या आणि आम्ही पोथ्या घेऊन त्यांच्यामधून वाट काढत होतो. त्या रात्री स्वयंपाकघरात गुरुपत्नी माई चुलीपुढे बसून म्हणाल्या, "आज ओसरी गेली, उद्या ही खोलीही मागतील." त्यांनी भाकरी थापायची थांबवली नाही. तुम्ही नुसते म्हणालात, "दात्याच्या मनात असेल तसं." मी तेव्हा मिसरूडही न फुटलेला. म्हटलं, "गुरुजी, आपण महिन्याचं काही ठरवून दिलं तर महिनाभर तरी कुणी उठवणार नाही." तुम्ही ताटावरून मान वर केलीत. "विद्या शिकायला आलास की वखार काढायला?" सगळे हसले. गुरुबंधू सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याचं हसणं अजून ऐकू येतं, कारण तो अजून तसाच हसतो.

गुरुजी, मी वखारच काढली म्हणा ना.

तुम्ही गेलात, मी लग्न करून अकोल्यात पुराण सांगत बसलो. मग तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना रुई मिळेना, आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला की शेतकऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं घातली. माझा भाऊ आमच्या काळ्या शेतात उभा राहून ढेकळांकडे असा बघायचा जसे लोक गाभाऱ्यात बघतात. मी त्याला सांगितलं, माझा वाटा तू घे आणि त्याचे जे पैसे होतील ते मला दे. तो म्हणाला, "दादा, तब्येत ठीक आहे ना? लोक जमिनीसाठी मारामाऱ्या करून राहिले, अन् तू सोडतोस? काहून?" मी म्हटलं, कापूस घ्यायला जो येईल तो रात्री कुठे निजेल? मोर्णेपलीकडे साहेबाची माणसं साखळ्या टाकून खुंट्या ठोकत होती. आगगाडी त्या बाजूने येणार, कचेऱ्या त्या बाजूला होणार. गावातले म्हणत, नदीपलीकडे कोण राहील, तिकडे तर कोल्हेसुद्धा गावात येऊन ओरडतात. आणि एक गोष्ट गवंड्याने नुसता कुदळीचा आवाज ऐकून सांगितली: काळ्या मातीत भिंत उन्हाळ्यात फाटते, मुरमावर हलत नाही. देशमुखाने पिकत नाही म्हणून जी जागा दिली, ती घर पिकायला वऱ्हाडात सगळ्यांत चांगली होती. शेत भावाकडे गेलं, माझ्या हातचं कायमचं गेलं. तेव्हा हे फसलं असतं तर आम्ही नवरा-बायको माधुकरीवर आलो असतो, हेही सांगून ठेवतो.

आणि पहिल्यांदा फसलंच. तुमच्यामुळे. तुम्ही शिकवलेलं वास्तुशास्त्र मला पाठ होतं, त्याप्रमाणे सगळ्या खोल्यांची दारं मी उगवतीला काढली. यथासांग शिलान्यास केला, मुहूर्त काढला, ब्राह्मण जेवले. खोल्या सुरेख झाल्या. आणि कुणी येईना. गाड्यांचा रस्ता पश्चिमेला! एक आडत्या खामगावहून आला, कापसाच्या गठाणी तपासायच्या म्हणून नव्या पेठेजवळ जागा शोधत होता. समोरून पाहिलं तर कोरी भिंत, आणि मग सगळ्या चाळीला वळसा घालून मागे दार. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पंडितजी, खोली अच्छी है. पन मेरा माल क्या सूर्यनारायण के रस्ते से आयेगा?" मी शास्त्राचा आधार दिला. तो विनयाने नमस्कार करून निघून गेला. घरी बायकोला हकिकत सांगितली तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अहो, सूर्य काही भाडं देणार नाही. जो देणार त्याच्या पायांकडे बघा, तो कुणीकडून चालत येतो."

दुसऱ्या दिवशी गवंडी लावून पश्चिमेची भिंत फोडली. गावात हाहाकार. मावळतीला दार म्हणजे यमाला आमंत्रण, असं एकजण म्हणाला. मी म्हटलं, यम दक्षिणेचा, तुम्ही दिशा चुकलात. माझी विद्या अशी कामी आली. पण देवळातलं माझं पुराण बंद झालं, आणि पंक्तीत माझं पान हळूहळू खालच्या टोकाला सरकत गेलं. खोल्या मात्र भरल्या. तो आडत्याच पहिला आला. मग कच्छी दलाल, मुंबईचा एक पारशी कारकून, हैदराबादचा एक अत्तरवाला. कोण काय खातो ते मी विचारलं नाही. महिना भरला की नाही एवढंच पाहिलं.

मग लढाई संपली आणि भाव कोसळला. चांदीची टोपणं बैलांच्या शिंगांवरून उतरली. आडते एकेक करून निघून गेले. खोल्या ओस पडल्या. त्या काळात गुरुबंधू पहिल्यांदा आला. ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "दार सांगत होतं, तू ऐकलं नाहीस."

"कापूस अमेरिकेत पडला," मी म्हटलं. "तिकडे कुणाचं दार मावळतीला होतं?"

"विनोद पुरे. गुरूची भूमी आहे. भाडं खायला दिली नव्हती."

"मग तुझ्या पाठशाळेला दरवर्षी ओसरी देणारा शेठ काय करतो?"

"दान करतो."

"आणि यंदा गठाणी ठेवायच्या असल्या की?"

त्याने पाण्याचं भांडं ओट्यावर पालथं घातलं आणि उठला. जाताना म्हणाला, "चार माणसं घेऊन येईन, मग बोलू." ती चार माणसं उद्या येतील.

पण तोवर आगगाडी आली आहे, गुरुजी. कापूस पडला, रस्ता पडला नाही. आता खोल्यांत ठेसणावरचे खलाशी आहेत, कचेरीतले कारकून आहेत, आणि कोपऱ्यावर एक माळीण आहे. ती दारातच वांगी मांडून बसते आणि गाडीतून उतरणाऱ्यांशी असं बोलते, की अमरावतीचे सगळे शास्त्री एका बाजूला बसवावेत. परवा छप्पर गळलं तर ती माझ्या अंगणात येऊन कडाडली, "महाराज, भाडं घेता ना? मंग कवेलू कोन बदलीन? मले काय फुकट ठेवलं तुमी?" मी मान खाली घालून कौलं बदलली. बदलताना तुम्ही आठवलात. तुमच्या ओसरीचं छप्पर गळायचं तेव्हा आपण पोथ्या इकडून तिकडे सरकवायचो. शेठला सांगायची तुमची कधी छाती झाली नाही. झाली असती कशी? फुकट राहणारा माणूस तोंड उघडू शकत नाही. माझ्या माळणीला जे बोलता येतं, ते तुम्हाला, एवढ्या मोठ्या वैयाकरणाला, आयुष्यभर बोलता आलं नाही. याला तुम्ही संतोष म्हणत होता. मी म्हणत नाही. मला त्याचा राग येतो, आणि हा राग तुमच्यावर नाही असंही म्हणत नाही.

तेव्हा उद्या मी सांगणार आहे: पाठशाळा घालायची असेल तर जरूर घाला. एक खोली रिकामी होते आहे. महिन्याचं ठरवा, वेळेवर द्या, आणि छप्पर गळलं तर माझ्या दारात येऊन माझ्यावर ओरडा. तुम्हाला कुणी उठवणार नाही. कापूस कितीही आला तरी नाही. दारं जिथे आहेत तिथेच राहतील.

गुरुबंधू रागावेल. उरलेलं पानही उचललं जाईल. जाऊ दे, घरी बायको वाढते, आणि तिच्या पंक्तीत वरचं टोक-खालचं टोक नसतं.

हे पत्र कुठे पाठवायचं, हा प्रश्न नाही, पाठवायचंच नाही. कारण एक गोष्ट मी त्या चौघांपुढे कबूल करणार नाही, ती इथे करून ठेवतो. तुम्ही हयात असता आणि या ओट्यावर येऊन नुसतं "काय रे?" म्हणाला असता, तर मी निमूटपणे पाठशाळाच बांधली असती. दार उगवतीला.