ताटलीतले डोळे

सिस्टर, परवा माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डावा गेल्या वर्षीच गेला. डॉक्टर हसतमुख आहेत, आणि हसत हसतच म्हणाले की नजर वाचेल असं वाटतं, पण हमी देता येत नाही. त्या 'पण'नंतरचं मी काही ऐकलंच नाही. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून माझं आयुष्य गेलं, आणि आता पोटच्या मुलीचा चेहराही मधोमध पुसल्यासारखा दिसतो. घरात सगळ्यांनी देव पाण्यात घातलेत. मला मात्र सारखी तुमच्या कॉन्व्हेंटच्या चर्चमधली ती खिडकी आठवते आहे.

शुक्रवारी शाळेतून तुम्ही आम्हा मुलींना ओळीनं चर्चमध्ये न्यायचात. सकाळचं ऊन रंगीत काचांतून आत यायचं आणि आमचे पांढरे सदरे निळे-तांबडे व्हायचे. प्रत्येक खिडकीपाशी थांबून तुम्ही त्या त्या संताची गोष्ट सांगायचात. मी तमिळ मुलखातल्या दारासुरमच्या मराठी घरातली, देवळांत वाढलेली. आमच्या देवांच्या हातात असतं ते त्यांचं आयुध. त्यानंच ते राक्षस मारतात. त्यामुळे बाणांचा संत मला तिरंदाज वाटला, आणि भाजायची लोखंडी जाळी धरलेला तो दुसरा स्वयंपाक्यांचा कैवारी. तुमच्या गोष्टींकडे माझं लक्ष कुठे असायचं? मी आपली काचांवरूनच अर्थ लावायची. ताटलीत दोन डोळे घेऊन उभी असलेली संत लूसी तर अगदी ओळखीचीच निघाली. मारियम्मन देवीला आपल्याकडे कण्मलर वाहतात ना, चांदीच्या पातळ पत्र्याचे दोन डोळे, दृष्टी सांभाळ म्हणून. हिलाही कोणीतरी वाहिलेत, एवढंच मला वाटलं.

त्या दिवसांत माझे डोळे सारखे येत. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती, तिला मी ही नवी अम्मन सांगितली. आईनं सूप खाली ठेवलं. "डोळे घेती म्हणतीस, तर तिजलाही वाहा. भिऊं नोको," ती म्हणाली, आणि देव्हाऱ्यातला चांदीच्या डोळ्यांचा एक जोड माझ्या हातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तो खिडकीखाली ठेवून हात जोडले, आणि वळते तो मागे तुम्ही.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. माझा दंड धरून तुम्ही मला परत खिडकीकडे वळवलंत आणि म्हणालात, "ते तिला कोणी दिलेले नाहीत. तिचेच आहेत. तिचे काढले." मग बाण, मग ती जाळी. संतांच्या हातात तेच असतं जे त्यांना सोसावं लागलं, असं तुम्ही शांतपणे सांगितलंत. मग तिच्या चेहऱ्यावरचे डोळे कोणाचे, असं मी कसंबसं विचारलं. देवानं परत दिले, असं सांगतात, तुम्ही म्हणालात. बाकी सगळं तुम्ही ठाम सांगितलं होतंत. 'असं सांगतात' फक्त इथेच आलं. टाउन बसमधून घरी येताना मी दोन्ही डोळे तळहातांनी झाकून बसले होते. आईला वाटलं, पुन्हा आले.

ते चांदीचे डोळे तुम्ही फेकून दिले असणार असं मी धरून चालले होते. शाळेच्या शेवटच्या दिवशी तुम्ही ते रुमालात बांधून मला दिलेत. नीट घासून ठेवले होते, चकचकीत.

पुढे मी नोकरीला लागल्यावर तुम्हाला भेटायला आले. साखरेनं तुमची दृष्टी नेली होती आणि तुम्ही त्याच खिडकीखालच्या बाकावर बसलेल्या होतात. ताटलीवर ऊन आलं का, असं विचारलंत. आत्ताच पोचलंय, मी सांगितलं. आणि शहाण्यासारखं वर म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला कसली भीती!" तुम्ही चाचपडत माझं मनगट धरलंत. "वाटते. सकाळी जाग आली की आधी तीच येते. मुलींना सांगू नकोस." ताटलीतल्या डोळ्यांनीसुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. तुमचं हे असं, तर आमच्यासारख्यांनी कोणाकडे बघायचं? त्यानंतर तुम्ही फार दिवस जगला नाहीत.

काल मुलीच्या स्कूटरवर मागे बसून मी खिडकी बघून आले. काचांना जोडणाऱ्या शिशाच्या सरळ पट्ट्या मला वाकड्या दिसतात. ताटलीकडे बघावं तर ताटली नाहीशी होते, चेहऱ्याकडे बघावं तर चेहरा. जिथे बघीन तिथलंच जातं. काय शोधतेस, मुलीनं विचारलं. रंग छान आहेत, म्हटलं. तो चांदीचा जोड पर्समध्ये होता, पण खाली ठेववेना. ठेवला की मागणं झालं, आणि मागितलं की नाही म्हणून उत्तर येऊ शकतं. जीव मुठीत धरून गेले तशीच परत आले.

हे पत्र कुठे पाठवणार? आणि तुम्हाला तर मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. आधी तमिळमध्येच लिहायला बसले होते, पण त्यात सगळं धीराचंच उतरायला लागलं: डॉक्टर चांगले आहेत, मुलगी जवळ आहे, काळजी नसावी. भीती मला घरच्याच भाषेत वाटते. सकाळी जाग आली की आधी तीच येते, सिस्टर. मुलीला सांगितलेलं नाही.