थंड इंजिन

अण्णा, परवा शहराबाहेर देवनहळ्ळीला जाऊन एक जुनी गाडी बघून आले. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी कुणाला वापरलेली डिझेल गाडी घ्यायची असली की अजून मलाच बोलावतात. जशी काही मी मल्लेश्वरमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत नाही, राजाजीनगरचं तुमचं गॅरेजच चालवते. या वेळी बोलावणारा माझा मुलगा होता. सून सातव्या महिन्यात आहे आणि चिरंजीवांना बाळ यायच्या आत मोठी गाडी हवी आहे. परदेशी, सहा सिलिंडरची, चारही चाकांना ताकद देणारी, चामड्याच्या सीटांची, आठ वर्षं दुसऱ्या कुणी वापरलेली. बाळाला घेऊन चिक्कमगळूरच्या डोंगरात जायचंय म्हणे. "आई, तू हो म्हणालीस तरच घेतो," म्हणाला. म्हणजे बाळासकट गाडी घाटात बंद पडली तर उत्तर मी द्यायचं. मला हसू आलं.

मला हे काम कुठे येत होतं? कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तुम्ही मला उजेडासाठी बॅटरी धरायला नेत होता, तेवढंच. कॉफीच्या मळेवाल्यांच्या परदेशी जीपा असायच्या. एकदा तसल्या एका जीपच्या मऊ सीटवर मी टेकले, तर सगळ्यांदेखत ओरडलात, "बसायला आलीस की बघायला? उतर खाली." मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते. आणि मला नोकरी लागली तेव्हा बाकीच्यांच्या बापांनी साड्या घेतल्या, तुम्ही दिलीत एक लांब दांड्याची बॅटरी. तुमची पद्धत ठरलेली. मालकाला नमस्कार करायच्या आधी उलटा हात बॉनेटवर. गरम लागलं तर चहासुद्धा न घेता परत. "गरम इंजिन सगळ्यांशी गोड बोलतंय," म्हणायचात. "थंड असताना बघ की, मग कळतंय त्याचं दुखणं."

देवनहळ्ळीचं ते घर द्राक्षांच्या जुन्या मळ्यात होतं. मळा आता संपलाय, चारी बाजूंना लेआउटच्या प्लॉटांचे दगड पुरलेत. आम्ही सकाळी आठला पोचलो तेव्हा पांढरं धोतर नेसलेले सत्तरीचे एक गृहस्थ "बन्नी, बन्नी", या, या करत पुढे आले. शेडमध्ये काळीभोर गाडी उभी होती, इतकी स्वच्छ की मुलाचे डोळेच दिपले. मी सवयीने उलटा हात बॉनेटवर ठेवला आणि माझं डोकं फिरलं. चांगलं गरम होतं. मुलाला मराठीत हळूच सांगता आलं असतं, पण माझी जीभ तुमच्यावर गेलीय. त्या गृहस्थांनाही कळावं म्हणून मी मुद्दाम कन्नडमध्ये म्हटलं, "इंजिन आधीच तापवून ठेवलंय. लपवण्यासारखं काही असल्याशिवाय कुणी असं करत नाही."

ते रागावले नाहीत. गाडीकडे बघत म्हणाले, "रोज सकाळी चालू करतो, अम्मा. गाडी माझ्या मुलाची. तो आजारात गेला, दीड वर्ष झालं. सकाळी दहा मिनिटं आत बसतो, मग बंद करतो. बाहेर नेत नाही, मला चालवता येत नाही." माझ्या मुलाने खाली मान घातली. मी माफी मागितली, पण सुटलेला शब्द कुठे परत येतो? मग निमूटपणे बाकीचं बघत राहिले. शहरात पाणी भरतं तेव्हा किती महागड्या गाड्या बुडतात आणि पुसून-सुकवून पुन्हा विकायला येतात, म्हणून गालिचे उचलून खाली गाळ आहे का बघितलं. सीटखालच्या वायरी बघितल्या. ऑईलचं झाकण उघडून धूर येतो का बघितलं. या वयात पोतं अंथरून गाडीखाली झोपले, चासीला गंज नाही, दगडाचा मार नाही. चारही टायर एकाच वेळचे. सर्व्हिसचे कागद तारखेप्रमाणे लावलेले, प्रत्येकावर त्या गेलेल्या मुलाच्या हातच्या बारीक नोंदी. तुम्हाला तो आवडला असता, अण्णा. माझा मुलगा मागून सारखा कुजबुजत होता, "आई, सरी ना, ठीक आहे ना? आता हो म्हण ना."

पण थंड इंजिन बघितलं नाही म्हणजे गाडी बघितलीच नाही, हे मला ठाऊक होतं. त्यासाठी एक गोष्ट मागावी लागणार होती आणि ती मागायला मला फार जड गेलं. "उद्या सकाळी आम्ही येईपर्यंत चालू करू नका," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. दीड वर्षात एक सकाळ चुकली नव्हती. "सरी, अम्मा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सातला पोचलो तेव्हा ते गाडीशेजारी खुर्ची टाकून बसलेले होते. चावी मुठीत. आदल्या दिवशी ऐटीत उभी असलेली गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यात चार बोटं खाली बसली होती. या गाड्यांना स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात, त्यातली एक गळत होती. रोज सकाळी इंजिन चालू झालं की पंप ती फुगवायचा आणि गाडी सरळ उभी राहायची, म्हणून बघायला येणाऱ्या कुणाला दिसलंच नाही. मी म्हटलं, "तुम्हीच चालू करा." त्यांनी आत बसून चावी फिरवली. पहिले तीन सेकंद डब्यात खिळे हलवावेत तशी खळखळ झाली, आणि मग इंजिन साखरेसारखं गोड चालू लागलं. मुलाला वाटलं, झालं. मी डोळे मिटून घेतले. इंजिनातली टायमिंगची साखळी सैल झालेली. आज तीन सेकंद वाजते, उद्या घाटात तुटेल आणि सगळं इंजिन घेऊन जाईल.

मी मुलाला नाही म्हटलं, तिथेच. त्यांनाही सगळं सांगितलं, दुरुस्त केल्याशिवाय कुणाला देऊ नका म्हटलं. ते गाडीतून उतरले नाहीत. "मी रोज चालू करून बिघडवली काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही हो. हे होणारच होतं. तुमच्या कानाला सवय झाली, एवढंच." त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "त्याच्या आजारातही असंच झालं. रोज बघत होतो ना, म्हणून दिसलं नाही." त्यांच्या बायकोने आतून कॉफी आणली. ती तिथेच उभ्याउभ्या प्यायले आणि आम्ही निघालो.

परतताना मुलगा म्हणाला, "पण त्यांनी मुद्दाम लपवलं नव्हतं, आई." तुम्ही मात्र मुद्दाम लपवलंत, असंच मी एकवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. दर रविवारी मी दहा वाजता तुमच्याकडे यायची. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात उप्पीट ढवळत उभे असायचात. आई गेल्यावर तुम्हाला तेवढं एकच करता यायचं. मी विचारायची, "बरं आहे ना?" आणि तुम्ही म्हणायचात, "मला काय धाड भरलीय?" तुम्ही गेल्यावर शेजारच्या अक्कांनी सांगितलं की तुम्ही पाचला उठायचात, तासभर खाटेच्या कडेवर धापा टाकत बसायचात, आणि मी यायच्या आत कसेबसे तयार व्हायचात. मी तुमच्यावर किती चिडले होते. बापानं लेकीला फसवलं, म्हणून श्राद्धाच्या दिवशीसुद्धा तोंडातून चांगला शब्द निघाला नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. अण्णा, त्या शेवटच्या थंडीत एका रविवारी मी सातलाच आले होते. खिडकी उघडी होती. तुम्ही भिंतीला दोन्ही हात टेकून उभे होता, एक पाऊल टाकायचात, थांबायचात, तोंड उघडून श्वास घ्यायचात. मी बघितलं. दार वाजवलं असतं तर त्याच दिवशी तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं असतं, आणि माझ्या कॉलेजात परीक्षा चालू होत्या, मुलगा तापाने फणफणलेला होता, आणि मला वाटलं, पुढच्या आठवड्यात बघू. मी मागे वळले, कोपऱ्यावरच्या हॉटेलात तीन तास बसले आणि दहाला आले. तुम्ही हसून दार उघडलंत, "आज थकल्यासारखी दिसायलीस गं," म्हणालात. मी म्हटलं, बसमध्ये जागा मिळाली नाही, उभं राहून यावं लागलं.