अर्ध्या पगाराची बदली

वेंडेल,

नाही रे, तुझा अर्धा पगार आम्ही अजून भरतोय तो तुला वाटतं तसा मायेपोटी नाही. छत्तीस वर्षांचा आइस हॉकीतला बचावपटू पूर्ण पगारात कुणी घेईना, म्हणून पगाराचा अर्धा भार आमच्या डोक्यावर घेऊन तुला दुसऱ्या संघाला दिला.

संघाचा व्यवस्थापक म्हणून मी तुला सरावातून बोलावलं तेव्हा तू बर्फावरून स्केट्ससकट आलास. "काय म्हाताऱ्या, आणखी एक वर्ष देतोस ना?" म्हणून हसलास. करारात होतं, तुझ्या सहीशिवाय तुला दुसऱ्या संघात हलवता येत नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "संघाचा मालक ऐकत नाही, तू सही केली नाहीस तर माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे रे, तू टिक," म्हणालास आणि सही केलीस.

मालक काही बोललाच नव्हता. सगळं मीच ठरवलं होतं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही.

ऑर्विल