‘शक्यता’ या शब्दाबद्दल

भोसरी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय जाईताई,

सप्रेम जय भीम.

भोसरी ते चिखली अर्ध्या तासाची वाट, आणि मी कागदावर लिहून पोस्टानं पाठवतेय म्हणून हसशील. हस. तीन आठवडे झाले, तुझं हसू ऐकलेलं नाही. आईचे गुडघे आता बरे आहेत. माझ्या रूम पार्टनरचं लग्न ठरलं, ती गेली. खोलीत मी एकटीच. दाजी कसे आहेत, हे विचारायचं धाडस होत नाही.

त्यांना कंपनीनं घरी बसवलं, त्या दिवसाचं सांगते. दुपारी अडीचला त्यांच्या टेस्टिंग स्टेशनचा प्रोग्रॅम थांबला आणि लाइन उभी राहिली. प्रोग्रॅम माझ्याकडचा, म्हणून मी माझ्या जागेवरून त्याला डीबगर लावला. डीबगर म्हणजे आमचा डॉक्टर गं. चालत्या प्रोग्रॅमला आधी ‘थांब’ म्हणतो, ‘थांबलो’ असा निरोप आला की मग नाडी बघतो. पण निरोप येईना. प्रोग्रॅम गप्प, डीबगरही गप्प. दोन तास मी त्या दोघांसमोर बसून होते. शेवटी स्टेशनवरचा कॉम्प्युटरच बंद करून चालू केला.

सुपरवायझर म्हणाला, “मॅडम, कारण लिहा काहीतरी, वर रिपोर्ट द्यायचाय.” मी लिहिलं, ‘ऑपरेटरकडून पॅनेलचं बटण दाबलं गेल्याची शक्यता.’ संध्याकाळपर्यंत त्यातली ‘शक्यता’ गळून गेली आणि दाजी तेवढे उरले. ते सांगत होते, “मी हातसुद्धा लावला नाही राव.” काँट्रॅक्टवरच्या माणसाचं कोण ऐकतं?

खरं कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

नाही. तुझ्याशी खोटं नको. त्याच संध्याकाळी कळलं. निघताना स्क्रीनवरच्या खिडक्या बंद करत होते, तर सगळ्यात मागच्या खिडकीत एक ओळ होती: ‘थांबवला’. वेळ दोन अठ्ठावीस. काहीतरी तपासायला मीच दोन बटणं दाबून प्रोग्रॅम थांबवला होता. तेवढ्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापायला हाक मारली आणि मी तो परत सुरू करायचा विसरून गेले. थांबल्याचा निरोप त्यानं तेव्हाच दिला होता, आणि तो एकदाच येतो. आधीच थांबलेल्याला डीबगर लावला तर तो नुसती वाट बघत बसतो. अशा वेळी थांबायचा हुकूम नव्यानं द्यायचा असतो, म्हणजे निरोपही नव्यानं येतो. हे नवख्यालाही ठाऊक असतं. पण हा आधीच थांबलाय का, हे मी बघितलंच नाही. चूक दुसऱ्या कुणाची तरी असणार, अशी माझी खात्री होती.

तेव्हापासून वाट बघतेय, की कुणीतरी मला विचारेल. रिपोर्ट बंद झालाय, आता कोण विचारणार? परवा तूच विचारलंस, “निशे, यांच्याबद्दल कंपनीत काही कानावर आलं का गं?” मी म्हटलं, “नाही गं, काहीच नाही.” मी अजून कायम झालेली नाही, जूनमध्ये होणार आहे. अण्णांनी तीस वर्षं मशीनपुढे उभं राहून मला ही खुर्ची दिली. ती सोडवत नाही आणि तिच्यात बसवतही नाही. खूप भीती वाटते ताई.

मॅनेजरच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. म्हणून कागदावर लिहिलं. फोनवरचं बोलणं दाजींना कुणाला दाखवता आलं नसतं, हे दाखवता येईल. त्या ओळीचा फोटो छापून सोबत जोडलाय, वेळेसकट. पत्र मिळालं की दाजींना ते घेऊन चाकणला कंपनीच्या गेटवर पाठव. मी आत असेन. मला बोलावतील आणि या वेळी विचारतील. मग मी सांगेन.

रागावू नकोस असं लिहीत नाही. रागाव.

नुसतं ‘तुझी निशू’ लिहून भागणार नाही. गेटवर निशूला कुणी ओळखत नाही. म्हणून पूर्ण सही करते.

निशिगंधा किसन ओव्हाळ
ज्युनियर इंजिनिअर, टेस्टिंग सॉफ्टवेअर

ता. क. प्रोग्रॅम मी थांबवला होता. यात ‘शक्यता’ काही नाही.