तळ आतून बांधताना

बाबा, तुमच्या नातीने एक शिडाची नाव घेतली आहे. लाकडाची नव्हे, फायबरची. दूरच्या शहरातल्या कुठल्याशा क्लबने टाकून दिलेली, दोघांपुरती. वैनगंगेवरच्या धरणाच्या फुगवट्यात ती एकटीच नाव काढते. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "बाबा, वारं भरलं का तळ आत-बाहेर करून राहिला. मले पायाले कळते." नाव काठावर पालथी घालून मी अंगठा दाबला. डोलकाठीच्या पुढचा भाग डब्याच्या झाकणासारखा दबला आणि सुटला. असा वाकत राहिला तर तळ एक दिवस फाटणार होता, आणि नावेत ती असणार होती.

मी सागाच्या तीन आडव्या पट्ट्या तळाच्या गोलाईप्रमाणे कापल्या, मध्ये कागदही शिरू नये इतक्या नेमक्या, आणि आतून रेझिनने पक्क्या केल्या. पंधरा दिवसांनी बाहेरून पाहतो, तर प्रत्येक पट्टीच्या कडेलगत केसासारखी चीर. "कॉमर्सवाल्याची सुतारकी!" ती हसली. मला हसता आले नाही.

कारण मी मनाने आपल्या गावी, बपेऱ्याच्या घाटावर उभा होतो. बी.कॉम.चे पहिले वर्ष आहे, सुट्टीत घरी आलो आहे, आणि तुमच्या मासेमारीच्या लाकडी डोंग्याला आतून जोडफळी मीच ठोकली आहे. तुम्ही वाकून तिच्या टोकाशी बोट ठेवता.

"गच्च बसवली. मंग जोर कुठी जाईल?"

"मापात सुताचाही फरक नाही, बाबा."

"मी माप नाही इचारलं रे. फळी जिथं सरते, तिथंच डोंगा मोडते."

"तुम्हाला मोजमापातलं काय कळतं?"

घाटावर मासे निवडणारे दोघे-तिघे थांबतात. तुम्ही फळी उपसता, रंध्याने तिची दोन्ही टोके उतरती करता आणि पुन्हा बसवता. त्या दिवशी जेवताना मोठा मासा तुम्ही माझ्या ताटात सरकवलात. मला तोही टोमणाच वाटला.

या वेळी मी सागाच्या पट्ट्या काढल्या, आतला रंग उघड्या फायबरपर्यंत घासला, तळ पूर्ण वाळू दिला. कडक फोमच्या लांब पट्ट्या पुट्टीच्या थरावर नावेच्या लांबीच्या दिशेने टेकवल्या. कडा तिरप्या ठेवल्या, आणि टोके निमुळती होत तळात विरतील अशी केली. वर फायबरचे कापड चढवले, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. बाहेरच्या चिरा उकरून भरल्या. अंगठा दाबला, तळ हलला नाही.

काल भर वाऱ्यात ती पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आली. तेवढा वेळ मी बसू शकलो नाही. उतरता उतरता म्हणाली, "आता जमिनीवर उभं असल्यावानी वाटते. कुठी शिकलात?"

"पुस्तकात वाचलं," मी म्हणालो.

तुम्ही जाऊन वर्षे झाली, हे पान तुमच्यापर्यंत पोचायचे नाही, हे मला ठाऊक आहे. तिने वाचावे म्हणूनच ते स्वच्छ अक्षरात लिहिले. ती पलीकडच्या खोलीत जागीच आहे. मी मात्र घडी घालून ते खणात ठेवतो आहे.