चेहरा पुसण्याआधी

प्रिय नाकाड्या,

आमच्या ऑफिसातल्या खुर्चीने माझ्याविरुद्ध उघड बंड पुकारलंय, हे तुला कळवणं मी मोठी बहीण म्हणून माझं कर्तव्य समजते. सकाळी बसते तेव्हा मी भारदस्त अधिकारी असते. ती हळूहळू खचत जाते आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत माझी हनुवटी टेबलाला टेकते. तक्रार केली, तर वजन कमी करा म्हणाले.

माझं काम तू कधी विचारलं नाहीस. तुझ्या मते मी ‘कॉम्प्युटरवर काहीतरी’ करते. तर ऐक. हॉस्पिटलांतून मेंदूचे स्कॅन आमच्याकडे येतात आणि इथून जगभरच्या संशोधकांना जातात. नाव, पत्ता आधीच काढलेला असतो. पण मेंदू डोक्यात असतो आणि डोक्याला तोंड असतं. स्कॅनचे थर एकावर एक रचले की पडद्यावर राखाडी, टकला, डोळे मिटलेला माणूस उभा राहतो. ओळखीच्याने पाहिला तर संपलंच. म्हणून आधी चेहरा कापायचा. ते प्रोग्रॅम करतो; त्याला न आवरणारी नाकं माझ्याकडे येतात. ऑफिसात मला नाककापी म्हणतात. घराण्याचं नाक कापू नकोस म्हणून आईने जन्मभर बजावलं, आणि मला पगारच त्याचा मिळतो.

आईचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. हे फोनवर सांगितलं होतं. तू त्याच फोनवर पुन्हा विचारलंस, म्हणून पुन्हा लिहिते. गाडी विकलीस, पेट्रोल परवडत नाही म्हणालास. मी तुला कंजूष म्हणाले. तो शब्द मागे घेते.

परवा एक नाक आलं. हुबेहूब बाबांचं नाक. बाजूला डाव्या कानाची पाळी फाटलेली, लहानपणी फाटकाच्या तारेने तुझी फाडली होती तशीच. खुर्ची खचत राहिली, मी बघत राहिले. या अभ्यासात दोन गट आहेत: निरोगी माणसं, आणि स्मृती जात चाललेली माणसं. देवाला न मानणारी मी, त्या स्कॅनचा गट उघडताना गयावया करत होते. तू दुसऱ्या गटात आहेस.

मला हे कळायला नको होतं. नियम तसा आहे, आणि बरोबर आहे. तू संमतीपत्रावर सही केलीस ती अनोळखी लोकांनी मेंदू पाहावा म्हणून, बहिणीने तोंड पाहावं म्हणून नाही. काही आशेचं लिहावं म्हणून पेन धरून बसले, पण सुचलं नाही. दरवर्षी पुन्हा स्कॅन होतात. आधीपेक्षा बरा झालेला मेंदू मी अजून पाहिलेला नाही. तुझं नाक मी हाताने कापलं. मग कान, ओठ, हनुवटी. आता तुला कोणी ओळखणार नाही. पुढे कधीतरी तू आम्हाला.

बाबा गेले तेव्हा सगळे माझ्या धीराचं कौतुक करत होते आणि मी अडगळीच्या खोलीत तोंडात टॉवेल कोंबून बसले होते. तू दार उघडलंस. “ताई, मी पाहिलंय. कोणाला सांगणार नाही,” म्हणालास, दार लोटलंस आणि बाहेर उभा राहिलास. मावशीला सांगितलंस, किल्ली सापडत नाही. न सांगता सरकला असतास तरी चाललं असतं. पण कोणी पाहिलंय हे मला कळायला हवं, असं तुला वाटलं. ते देणं माझ्याकडे राहिलं होतं, म्हणून हे पत्र. नाकाड्या, मी पाहिलंय. कोणाला सांगणार नाही. आईलासुद्धा नाही.

तुझीच, दाराबाहेर उभी,
ताई