खंडेनवमीला पुजलेला पेन

अमडापूर,
दसऱ्यानंतरचा शनिवार

आदरणीय व्याहीबुवा शेषराव यांना शालिग्रामचा हात जोडून, आणि मुलीचा बाप म्हणून थोडा वाकूनही, रामराम. विहीणबाईंना नमस्कार. आमच्याकडे सगळे ठीक. वांगी बरी आहेत, मेथीला भाव नाही, आणि आमच्या घरच्या मंडळींचे गुडघे हवा बदलली की बोलतात. आमची दीपमाला तुमच्या घरी सुखात आहे हे फोनवर तिच्या हसण्यावरूनच कळतं. पण परवा ती हसली नाही. तुमच्या पायाची जखम पोळ्यापासून भरत नाही, डॉक्टरांनी इन्सुलिनचा पेन लिहून दिला, आणि तुम्ही ती चिठ्ठी खिशात घालून घरी येऊन कारल्याचा रस प्यायलात, असं म्हणाली. (तिच्यावर रागावू नका. पोरगी कितीही मोठी झाली तरी घाबरली की बापालाच फोन लावते.) मी फोनवर हा विषय काढला की तुमच्याकडची रेंज जाते. अख्ख्या बुलढाण्यात फक्त तुमच्याच ओसरीवरची रेंज कशी जाते, हे न समजण्याइतका मी साधा नाही. म्हणून कागद घेऊन बसलो. पत्र मध्येच कट होत नाही.

तुम्ही म्हणालात म्हणे, सुई लागली म्हणजे माणूस संपला. व्याहीबुवा, मला ती लागून बरेच दिवस झाले. अजून वाफ्यात बसून जुड्या बांधतो, आणि चिखलीच्या बाजारात व्यापाऱ्याशी असा भांडतो की शेजारचा कांदेवाला पाणी आणून देतो. संपलेल्या माणसाला कोणी पाणी देऊन भांडायला लावत नाही. पण सुरुवातीला माझे काय हाल झाले ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल की पेन वाईट नाही, आपली अक्कल तेवढी वेगळ्या वाटेनं जाते.

मी शाळेत गेलो थोडा, पुढचं सगळं भाजीनं शिकवलं. भाजीवाल्याचा हिशेब सोपा : जे नाजूक, ते गार ठेवायचं, जे फार नाजूक, ते फार गार. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं, पेन फ्रिजमध्ये ठेवा. आमचा फ्रिज तुम्ही पाहिला आहे. त्यात वांग्याचं बी, विरजण, आणि गल्लीतल्या अर्ध्या बायकांचे गजरे. एवढ्या गर्दीत औषध कशाला, म्हणून मी ते सगळे पेन वर बर्फाच्या कप्प्यात ठेवले. मानाची जागा. सकाळी एक काढला तर दगड झालेला. मी त्याला उन्हात बसवला, पाणी सुटलं, टोचला. असं काही दिवस चाललं आणि शुगर खाली यायच्या ऐवजी वर चढत गेली. मी तपासायच्या यंत्राला शिव्या घातल्या. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, पेन कुठं ठेवता? मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग त्यांनी समजावलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं : कडाक्याच्या थंडीत टमाट्याचं रोप मारलं जातं, पण सकाळी बघाल तर हिरवंच. ऊन चढलं की मान टाकतं. तसं हे औषध. एकदा गोठलं की गेलं, मग वितळून कितीही साजरं दिसो. सगळे पेन फेकावे लागले. आता न उघडलेले पेन मधल्या फळीवर, बर्फापासून लांब. चालू असलेला बाहेरच, सावलीच्या कपाटात. तो महिनाभर बाहेर चालतो (तुमचा किती दिवस चालेल ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, सगळे सारखे नसतात). टोचल्यावर सुई काढून जाड डब्यात टाकायची, पेनाला लावून ठेवायची नाही.

ठेवण्याचं जमलं तोवर देण्याचं आलं. समोरच्या गोजरबाई तुम्हाला आठवत असतील, लग्नात बुंदी वाढताना ज्यांनी तुमचं ताट सोडलंच नाही त्या. एक दिवस वाटी घेऊन आल्यासारख्या आल्या. “भाभी, डोकं गरगर करून राह्यलं. मले बी शुगर हाय. तुमच्या पेनातला एक टोचा द्या नं, चिखलीले कुठं जाऊ आता?” आता आमच्या मंडळींनी आजवर विरजण मागायला आलेल्या माणसाला रिकामं पाठवलेलं नाही. मी आत आलो तर पेनाचं टोपण निघालेलं.

“अवं थांब!” मी ओरडलो.

“सुई नवी लावू नं,” ही म्हणाली. “मंग काय झालं?”

“सोन्याचा हाय काय, भाऊजी, तुमचा पेन?” गोजरबाई म्हणाल्या, आणि पदर झटकून निघाल्याच.

सुई बदलली तरी एकाचं रक्त पेनात मागं जाऊ शकतं, आणि शिवाय डोकं गरगरतं ते शुगर वाढून की उतरून, हे कोणाला माहीत? उतरली असती आणि वर हा टोचा बसला असता तर? मी त्यांना तशाच जीपमध्ये बसवून चिखलीला नेलं. सगळ्या वाटेनं जीपवाल्याला माझा कंजूसपणा सांगत राहिल्या. आता त्यांचा स्वतःचा पेन आहे आणि त्या तो कोणाला हात लावू देत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. परवाच्या खंडेनवमीला मी मळ्यातून आलो तर देवघरासमोर विळे, खुरप्या, फवारणीचा पंप, तराजू, सगळं धुऊन मांडलेलं, आणि मधोमध, समईला टेकून, माझा चालू पेन. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. कुंकू आकडे फिरवायच्या चाकात गेलेलं, पेन हाताला गरम. मी म्हटलं, हे काय मांडलंस? तर ही म्हणाली, “घर वांग्यावर चालते, वांगे तुमच्यावर चालते, अन् तुम्ही याच्यावर. मंग याची पूजा काऊन नाही करायची?”

व्याहीबुवा, मी हातपाय धुतले आणि आरतीला उभा राहिलो.

पण पंचाईत पुढंच होती. आमच्या घरचा रिवाज असा की पुजलेलं अवजार त्या दिवशी हातात घ्यायचं नाही, त्यालाही विसावा. जेवायची वेळ झाली, पुरणाचा वास सुटला, आणि ही पेनाला हात लावू देईना. मी म्हटलं, पंप आज बसला तर अळी एक दिवस जास्त खाईल, हा बसला तर मी बसेन. तेव्हा हिनंच तोड काढली : फ्रिजमधला नवा काढा, त्याची पूजा झालेली नाही. देवाचाही मान राहिला आणि डॉक्टरांचाही. (तापलेला पेन मी पुन्हा वापरला नाही.)

त्या दिवसापासून मी एकच विचार करतो. आपण विळ्याला लाजत नाही, चष्म्याला लाजत नाही, मग यालाच का? दीपमालाच्या लग्नात मांडवाच्या दारी मी तुमचे पाय धुतले, त्यातलाच हा एक पाय. त्याच्यावर माझाही थोडा हक्क आहे असं समजा आणि त्याला कारल्याच्या भरवशावर सोडू नका. टोचणं म्हणाल तर काहीच नाही. मी पोटाची जागा रोज बदलून, गप्पा मारता मारता, स्वतः टोचतो, दहापर्यंत आकडे मोजतो आणि सुई काढतो. मुंगीही यापेक्षा जोरात चावते.

लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि तुमच्या पायाला विशेष.

तुमचा,
शालिग्राम

ता. क. हा नाही, पुढच्या सोमवारी चिखलीच्या डॉक्टरांकडे तुमचं नाव लावून ठेवलं आहे. स्टँडवर घ्यायला येतो. जखमही तेच पाहतील.

ता. क. दुसरा. इवाईबुवा, मी सत्यभामा. यायनं पत्र पोस्टात टाकाले मले देलं, तर वाचलं. टोचते बी मी, अन् दहा आकडे मोजते ते बी मीच. हे भिंतीकडे तोंड करून, डोये मिटून बसते, अन् सुई लावाच्या आधीच “झालं काय?” विचारते. दिवाळीनंतर मले गजेंद्रकडे नाशिकले जा लागते, सूनबाई प्राचीचं बाळंतपण हाय अन् तिले माय नाही. मी गेल्यावर यायले कोन टोचन, याच्यातच माह्या जीव अडकला. स्वतःले टोचाले दोघंही भेता, पन दुसऱ्याले टोचाले मानूस भेत नाही. म्हणून डॉक्टरनं तुमचा पेन सुरू केला की इथंच राहा. तुम्ही यायले टोचा, हे तुम्हाले टोचतीन. विहीणबाईले विचारलं, त्यायनं तुमची थैली भरली बी. फक्त एकाच वक्ती दोघंही डोये मिटू नका.